भरलेल्या खड्ड्यात फुटलेला चेंबर

गाडी रॅम्पवर चढवली होती आणि मी तिच्या पोटाखाली टॉर्च धरून उभी होते. चेंबर फुटला होता. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी बोल्टांनी आवळलेलं ऑइलचं भांडं. त्याला माझी करंगळी आत जाईल एवढी चीर पडली होती. पुढच्या डाव्या चाकाची रिम वाकली होती, टायरला कट होता. लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरून ठेवणारा लोखंडी दांडा, तोही मुरडलेला. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. खड्ड्यात चाक आपटलं की असंच होतं. मला खटकलं ते पांढरं.

चिरेच्या कडेने, लोअर आर्मवर, रिमच्या आतल्या अंगाला, सगळीकडे पांढरं फासलेलं होतं. डांबरी रस्त्यावरचा खड्डा वरून काळा आणि आत तांबडा असतो. पांढरा खड्डा मी आजवर पाहिला नव्हता. पांढरे असतात ते वळणावरचे दगड. दरवर्षी त्यांना चुना फासतात, आणि दरवर्षी कोणी ना कोणी डुलकी लागून त्यांच्यावर जातो. मग घरी येऊन सांगतो, खड्डा होता.

"खड्डा होता म्हणता?" मी खालूनच विचारलं.

"व्हय म्याडम. खड्डाच व्हता," हिरामण म्हणाला. हा त्या गाडीचा ड्रायव्हर. पन्नाशी ओलांडलेला, खारेपाटातला. बाप मिठागरावर राबला, पुढे मिठागर खाडीने गिळलं तेव्हा याने स्टिअरिंग धरलं.

"पाणी भरलं होतं त्यात?"

"पानी नाय. वरून सपाट दिसत व्हता. चाक गेला आनी भसकन खाली."

सपाट खड्डा. मी डायरीत लिहिलं, 'ड्रायव्हरचं म्हणणं – खड्डा सपाट होता', आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. एक काढून समाधान होईना म्हणून दुसरं काढलं.

मी मोटार सर्व्हेअर. अपघात झालेली गाडी बघायची, नुकसान कशाने झालं आणि किती झालं ते लिहून द्यायचं, एवढं माझं काम. वडिलांचं पेणला गॅरेज होतं, त्यामुळे ग्रीसचा वास पाळण्यापासूनचा. आमचा धंदाच संशयाचा. म्हशीने धडक दिली म्हणून आणलेल्या बंपरवर मी स्कूटरचा रंग शोधून काढलेला आहे. नवरा दूध नासलं म्हणाला तरी मी पातेलं बघून घेते. त्याला त्याची सवय झाली आहे.

एरवी मला इन्शुरन्स कंपन्या बोलावतात. या वेळी बोलावलं होतं एका नगरपालिकेने. तिचं नाव मी घेणार नाही. वडखळहून रोह्याकडे येताना हायवेपासून थोडं आत असलेलं गाव, एवढं पुरे. गाडीचे मालक दानियलकाका, राहणार रोहा. गाडी जुनी, पॉलिसी नुसती थर्ड पार्टी. म्हणजे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून मिळणार, स्वतःचं नाही. काकांनी नगरपालिकेला वकिलाची नोटीस दिली होती. तुमच्या रस्त्यावरच्या खड्ड्यात माझी गाडी मोडली, दुरुस्तीचा खर्च द्या. मुख्याधिकारी नवे होते, कायदा वाचलेले. ते म्हणाले, दोन्ही बाजूंना चालेल असा सर्व्हेअर नेमू, तो सांगेल ते बघू.

पण नोटिशीला बांधकाम विभागाचं उत्तर आधीच गेलं होतं. 'सदर खड्डा घटनेच्या तीन दिवस अगोदर बुजवण्यात आला असून रस्ता समपातळीत होता. सोबत रजिस्टरची नक्कल.' नकलेत तारीख, आळीचं नाव, 'बुजवला' अशी नोंद आणि खाली मुकादमाची सही. हे उत्तर मिळाल्यापासून काकांचा नगरपालिकेवरचा राग निम्मा झाला होता. उरलेला निम्मा हिरामणकडे वळला होता.

रॅम्पखालून बाहेर येताना मला लोअर आर्मच्या बेचक्यात अडकलेला एक पांढरा तुकडा दिसला. सुपारीएवढा. स्क्रू-ड्रायव्हरने काढला. त्यातून दोन तपकिरी धागे लोंबत होते. गाड्यांच्या पोटाखाली सुतळी, गोणपाट, काय वाटेल ते अडकतं. मी तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकला आणि धाग्यांचा विचार सोडून दिला.

गॅरेजमधून मी काकांच्या घरी गेले. हिरामण मागोमाग सायकलवर आला.

दानियलकाका म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. भावंडं, मुलं सगळी इस्रायलला गेली. हे एकटे मागे राहिले. का राहिलात विचारलं की म्हणत, "तिकडे माझ्याशी मराठीत भांडणार कोण?" धाटावच्या एका केमिकल कंपनीत लॅब सांभाळून निवृत्त झालेले. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. गाडी, बाजार, दवाखाना, सगळं हिरामणवर. बाजारातून खवल्यांचीच मासळी आणायची, बिनखवल्यांची त्यांना चालत नाही, हेही त्याला सांगावं लागत नसे. अकरा वर्षं झाली होती.

"मॅडम, मला पैशाचं तितकं नाही," काका म्हणाले. हिरामण दारातच उभा होता, त्याच्या समोरच बोलत होते. "पण याच्या मागच्या सीटवर मी डोळे मिटून झोपतो. हा खोटं बोलत असेल तर मला झोप कशी लागायची? मी याला सांगितलंय, तुमचा रिपोर्ट याच्या विरुद्ध आला, की किल्ली टेबलावर ठेवायची."

रोहा केवढंसं गाव. मालकाची गाडी आपटली आणि वर खोटं बोलला, असं एकदा झालं की हिरामणच्या वयाच्या माणसाला दुसरी गाडी मिळत नाही. हे त्याला कळत होतं आणि मलाही.

"त्या दिवशी कुठे गेला होतात?" मी त्याला विचारलं.

"काकांचे भाचे आले व्हते तिकडून. त्यांना वडखळला बसवर सोरला. येताना झाला."

"वडखळहून रोह्याला यायला त्या आळीत कशाला शिरावं लागतं?"

"हायवेला ट्राफिक व्हती."

हे त्याने पायाच्या अंगठ्याकडे बघत सांगितलं. ट्रॅफिक चुकवायला कोणी त्या गावात शिरत नाही, कारण आत शिरलं की पुन्हा त्याच तोंडाने बाहेर पडावं लागतं. मी डायरीत तिसरं प्रश्नचिन्ह काढलं.

मग मी काकांना तो तुकडा दाखवला आणि माझा अंदाज सांगितला. वळणावरचा चुना लावलेला दगड. काकांनी चष्मा वर केला, तुकडा बोटांत फिरवला आणि उठले.

"चुना आहे का, ते आत्ता कळेल," म्हणाले.

स्वयंपाकघरातून त्यांनी लिंबू आणि दोन बशा आणल्या. बाहेर जाऊन कंपाउंडच्या भिंतीचा चुना सुरीने खरवडून आणला. तो एका बशीत. आमच्या तुकड्याची कोर दुसऱ्या बशीत. "चुन्यावर आंबट पडलं की फेस येतो. शाळेतलं ज्ञान आहे." मग दाराकडे वळून म्हणाले, "ये, हिरामण. तूही बघ."

त्यांना ड्रायव्हरला रंगेहाथ पकडायचं होतं, हे स्पष्ट दिसत होतं. हिरामण आत आला. दोन्ही हात मागे बांधून बशांकडे बघत उभा राहिला.

भिंतीच्या चुन्यावर लिंबू पिळलं. चर्रकन बुडबुडे आले. दुसऱ्या बशीवर पिळलं. काही नाही. पांढरी भुकटी भिजली आणि गप्प बसली. काकांनी दुसरी फोड घेतली, पुन्हा पिळली. वाकून कान लावला. काही नाही.

"चुना नाही," ते म्हणाले. आवाज थोडा पडला होता.

"म्हंजी मी सुटलो काय?" हिरामणने मला विचारलं.

"म्हणजे दगड नव्हता, एवढंच," मी म्हणाले.

"एवढंच," काका म्हणाले. "त्या आळीत का गेलास ते अजून तू सांगितलेलं नाहीस."

दुसऱ्या दिवशी मी जागा बघायला गेले. नगरपालिकेचे इंजिनिअर कोलते मला नाक्यावर घ्यायला आले. अंगात रेनकोट, बगलेत रजिस्टर.

"मॅडम, तुम्ही कशाला एवढा त्रास घेतलात? फोटो पाठवले असते."

मला फोटो पाठवायला उत्सुक असलेल्या माणसाबरोबर मी जागेवर नक्की जाते.

आळी गणपतीच्या कारखान्यांची होती. मूळ धंदा हमरापूरचा. तिकडे जागा पुरेना म्हणून पाच-सहा घरांनी इकडे पत्र्याच्या शेड घातल्या होत्या. चतुर्थीला दीड महिना होता. मुंबईकडे जाणारे टेम्पो लागले होते. कोलत्यांनी बोट दाखवलं. रस्त्याच्या मधोमध परातीएवढा काळाकुळकुळीत चौकोन होता.

"हा बघा. बुजवलेला."

मी खाली बसले आणि डांबरावर नख दाबलं. नख रुतलं. कडेची खडी अजून चमकत होती, तिच्यावर धूळसुद्धा बसली नव्हती.

"हे दोन-तीन दिवसांचं काम आहे, साहेब. अपघाताला तीन आठवडे झाले."

"पावसाने उखडलं होतं. परत केलं."

"मग त्याची नोंद?"

"करायची राहिली."

माझा संशय हिरामणवरून उठला आणि कोलत्यांवर जाऊन बसला. खड्डा भरलाच नव्हता, नोटीस आल्यावर घाईने भरला आणि मागची तारीख टाकली. असं मी मनात पक्कं करून टाकलं. पण पांढऱ्याचं उत्तर त्यात कुठेच बसत नव्हतं. कोलत्यांना फोन आला, ते पाच मिनिटांत येतो म्हणून गेले. बरंच झालं. मी आळीत विचारायला सुरुवात केली.

"इथे तीन आठवड्यांपूर्वी एक निळी गाडी आपटली होती ना?"

"नाय बा. आमी काय बघितला नाय."

दुसऱ्या शेडमध्ये तेच, तिसऱ्यातही तेच. माणसं रंगाच्या हाताने काम करत राहिली, मान कोणी वर करेना. गाडी भर दिवसा आळीच्या मधोमध चेंबर फोडून बसते, रस्ताभर ऑइल सांडतं, आणि कोणाला दिसत नाही? सगळी आळी मिळून काहीतरी झाकत होती. आणि माझ्याकडे ती अशी बघत होती, की जणू मीच काहीतरी चोरून न्यायला आले आहे.

शेवटच्या शेडमध्ये मी पाणी मागितलं. पाण्याला कोकणात कोणी नाही म्हणत नाही. मंदाताई म्हणून चाळिशीची बाई होती, तिने तांब्या दिला. तिची सासू खाली बसून सोंडा घासत होती. मी पाणी पिताना समोर बघत होते. एक माणूस रबराच्या साच्यात पीओपी ओतत होता. पीओपी म्हणजे प्लास्टर, पाण्यात कालवलं की घट्ट होतं. मग त्याने शेजारच्या ढिगातून तपकिरी काथ्या घेतला, नारळाच्या सोडणाचा, प्लास्टरमध्ये बुडवला आणि साच्याच्या आतून थापला. मूर्ती पोकळ असते, तिला आतून बळ यावं म्हणून हा काथ्या.

तांब्या माझ्या हातातच राहिला. मी पर्समधून पिशवी काढली आणि तो तुकडा सासूबाईंच्या पाटावर ठेवला. दोन धागे अजून लोंबत होते.

घासायचा आवाज थांबला. पीओपी ओतणाराही थांबला.

"कुठं मिलला तुमाला, बाय?" मंदाताईने विचारलं.

"गाडीच्या पोटात."

ती सासूकडे बघायला लागली. सासू म्हणाली, "सांग गो. आता काय लपवतंस? आपलाच हाय तो."

मग मंदाताईने सांगितलं. तो खड्डा दर पावसाळ्यात पडतो. नगरपालिकेला सांगून जीभ झिजते. इकडे टेम्पोत मूर्ती भरलेल्या. टेम्पो त्या खड्ड्यात गेला की आत कुठल्या तरी गणपतीचं बोट उडणार, कुणाचा कान. खंडित मूर्ती घरात कोण नेईल? वर्षभराची मेहनत एका दणक्यात. म्हणून आळी दरवर्षी स्वतःच खड्डा भरते. टाकाऊ प्लास्टरची डिखळं आत टाकायची, वरून पातळ प्लास्टर ओतायचं, फळीने सपाट करायचं. चार दिवस टिकलं तरी चार दिवसांत माल निघतो.

"आणि पाऊस आला की?" मी विचारलं.

"भिजतो. आतून पोकल व्हतो. वरून तसाच दिसतो," मंदाताई म्हणाली. "त्या दिसाला ती गाडी गेली ना, तवाच आमी घाबरलो. वाटला, आमच्यावर केस व्हनार. म्हनून कोन बोलत नाय."

सपाट खड्डा. हिरामण शब्दन् शब्द खरं बोलला होता. मला माझी ती प्रश्नचिन्हं आठवली आणि खरं सांगते, लाज वाटली.

"आणि नगरपालिकेने भरला म्हणून लिहिलंय ते?"

यावर पीओपीवाला हसला. "मुकादम येतो ना स्कूटरवरून. खाली कधी उतरला नाय. लांबूनच बघतो, सपाट दिसला की बोलतो 'झकास' आनि टिक मारून जातो."

म्हणजे कोलत्यांनी मागची तारीख घातली नव्हती. तारीख अगदी खरी होती, घाईचं होतं ते फक्त वरचं ताजं डांबर. मुकादमाने स्कूटरवरून बघितलं, खड्डा दिसला नाही, 'बुजवला' असं लिहिलं. कोणी बुजवला हे विचारायचं त्याला कारणच नव्हतं. मी एवढी कारस्थानं रचली होती, आणि निघाला निव्वळ आळस.

निघता निघता माझी नजर मागच्या भिंतीकडे गेली. तिथे लाकडी पाट रांगेने उभे केले होते. आमच्याकडे गणपती सांगायला, म्हणजे मूर्ती ठरवायला, जाताना घरचा पाट कारखान्यात नेऊन द्यायचा. मूर्ती त्याच पाटावर बसून घरी येते. पाटाच्या मागे खडूने नाव आणि दिल्याची तारीख लिहितात. तिसऱ्या पाटावर हिरामणचं नाव होतं. तारीख अपघाताची.

तो ट्रॅफिक चुकवायला आळीत शिरलाच नव्हता. मालकाच्या गाडीतून स्वतःच्या घरचा पाट द्यायला आला होता.

कोलते परत आले तेव्हा मी त्यांना प्लास्टरचं सांगितलं. सांगायलाच हवं होतं, रिपोर्टात ते येणार होतं. कोणाच्या शेडमधलं ते मात्र सांगितलं नाही. कोलत्यांचा चेहरा एकदम उजळला.

"मग आमचा संबंधच संपला! सार्वजनिक रस्त्यावर बेकायदा प्लास्टर. यांनाच नोटिसा काढतो. भरू देत गाडीचे पैसे."

मंदाताई शेडच्या दारात उभी होती. तिने ऐकलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. खरं बोलल्याचं हे फळ असेल, तर आळी पुढच्या वेळी पाणीसुद्धा देणार नाही, हे मला दिसत होतं.

"साहेब, रजिस्टर द्या जरा," मी म्हणाले. त्यांनी दिलं. "हा खड्डा बुजवला असं नगरपालिकेने लिहिलंय. सही आहे. वकिलालाही लेखी कळवलंय. बरोबर?"

"बरोबर."

"मग तो नगरपालिकेने बुजवला. आत प्लास्टर निघालं. म्हणजे नगरपालिकेने प्लास्टरने बुजवला."

"अहो, आम्ही कुठे—"

"नाही बुजवलात? मग रजिस्टर खोटं, आणि उघडा खड्डा तीन दिवस तसाच होता. दोन्हींतलं कुठलं लिहू ते तुम्ही सांगा. मला दोन्ही चालतात."

कोलत्यांनी रजिस्टर माझ्या हातातून काढून घेतलं. पाऊस भुरभुरत होता. मुकादमाला दोन शिव्या घालून त्यांनी रजिस्टर रेनकोटात घातलं. नोटिसांचा विषय पुन्हा निघाला नाही.

रिपोर्ट मी तसाच लिहिला. नुकसान खड्ड्यामुळे. खड्डा पालिकेच्या ताब्यातल्या रस्त्यावर. पालिकेच्या नोंदीप्रमाणे तो बुजवलेला होता, प्रत्यक्षात आत मऊ प्लास्टर होतं आणि ते भार सोसणारं नव्हतं. ऑइलचा दिवा लागताच ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, म्हणून इंजिन जाम झालं नाही, हेही लिहिलं. ते लिहायची गरज नव्हती. पण मी त्या माणसाचं देणं लागत होते.

पाटाबद्दल लिहिलं नाही. गाडी कशाने मोडली एवढंच मला विचारलं होतं. पण रोह्याला रिपोर्टची प्रत द्यायला गेले तेव्हा हिरामणला फाटकाजवळ गाठलं.

"तुमचा पाट बघितला मी."

त्याने मान खाली घातली. "काकांना सांगनार?"

"मी नाही. तुम्ही सांगा. कागदावर तुम्ही सुटला आहात, पण ते तुम्हाला रोज विचारणार, त्या आळीत का गेलास."

तो माझ्याबरोबरच आत आला. काकांनी रिपोर्ट शेवटपर्यंत वाचला, घडी घातली. मग हिरामण बोलला. पाट द्यायला गेलो, तुमची गाडी नेली, ट्राफिकचं खोटं सांगितलं. एका दमात. आणि त्याने खिशातली किल्ली टेबलावर ठेवली.

काकांनी किल्लीकडे बघितलं. मग म्हणाले, "अकरा वर्षं झाली. मला विचारायला तोंड नव्हतं तुला? मी काय नाही म्हणालो असतो?"

"व्हय," हिरामण म्हणाला. "गेल्या साली बोल्लात ना. गणपती आनायला गाडी मागितली, तर बोल्लात, गाडी कामासाठी हाय."

मी टेबलावरच्या मिठाच्या बाटलीकडे बघत बसले. असल्या वेळी सर्व्हेअरने दुसरीकडे बघावं.

"म्हणालो होतो," काका शेवटी म्हणाले. "मी म्हणालो होतो." त्यांनी किल्ली उचलली आणि हिरामणच्या हातात दिली. "गॅरेजवाल्याला सांग, काम सुरू कर. पैसे मी देतो, पालिकेचं नंतर बघू."

नगरपालिकेचं आधी सांगून टाकते. दिवाळीनंतर सभेत ठराव झाला. पार्टचे पैसे मंजूर, मजुरी नामंजूर. का, ते मला अजून कळलेलं नाही. रजिस्टरात मात्र एक नवा रकाना आला, 'प्रत्यक्ष उतरून पाहिले'. पुढच्या वर्षी दुसऱ्या कामाला गेले तेव्हा मी तो मुद्दाम बघितला. वरपासून खालपर्यंत एकाच पेनाने, एकाच हाताने 'होय' लिहिलं होतं.

पण त्याआधी चतुर्थी आली. दुरुस्त झालेली गाडी आम्हाला परत एकदा बघावी लागते. काका फोनवर म्हणाले, आदल्या दिवशी त्या आळीतच या, गाडी तिथे असेल. गेले. चेंबर नवा, लोअर आर्म नवा, रिम सरळ केलेली. माझं काम दहा मिनिटांत झालं. मागच्या सीटवर हिरामणची बायको बसली होती, मांडीवर पाट आणि पाटावर रुमालाने तोंड झाकलेला गणपती. मंदाताई उशी लावून देत होती.

काका पुढचं दार उघडत होते. अकरा वर्षांत ते पुढे कधी बसले नव्हते.

"तुम्ही कसे इथे?" मी विचारलं.

"मूर्तीला मी हात लावणार नाही, आमच्यात मूर्ती नाही," ते म्हणाले. "पण खड्डे बघायला कुठल्या धर्माची ना नाही. याची नजर आता साठीकडे चाललीय."

हिरामणने गाडी सुरू केली. दहा-पंधरा फुटांवर तो डांबराचा चौकोन होता. डांबर वाळून घट्ट झालं होतं, मी येतानाच त्यावर पाय दाबून बघितला होता.

"थांब," काकांचा आवाज आला. "त्यावरून नको. उजवीकडून घे."

"भरलाय तो, काका."

"भरलेल्याचंच सांगतोय."

गाडी उजव्या कडेने, बैलगाडीच्या चालीने गेली.

धंद्यातलं एक सांगते. रिम वाकली म्हणून आम्ही इंजिन बाद धरत नाही. एकेक पार्ट वेगळा तपासतो, वेगळा लिहितो. माणूस मात्र एका गोष्टीत खोटा सापडला की मी सगळाच भंगारात काढत असे. हिरामणच्या गाडीनंतर माणसाचेही पार्ट वेगळे लिहायला लागले. काम वाढलं, फी तेवढीच आहे.